वाघाचं वेळापत्रक मागू नका

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला की दोन-चार दिवसांत एक मागणी हटकून पुढे येते. गावकरी ती करतात, लोकप्रतिनिधी करतात आणि अलीकडे संगणकाच्या क्षेत्रातली हुशार माणसंही मोठ्या आत्मविश्वासाने तीच मांडतात. वाघांच्या गळ्यात कॉलर आहेत, जंगलात कॅमेरे आहेत, वर उपग्रह आहेत, आता कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. मग उद्या वाघ कोणत्या गावाच्या शिवारात येणार हे आजच का सांगत नाही? ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर याच समजाचं दुसरं रूप ऐकू येतं. जिप्सीत बसता बसता पर्यटक गाईडला विचारतो, "आज नक्की कुठे दिसेल?" दोघांच्याही मनात एकच गृहीतक आहे. पुरेशी माहिती जमली की वाघाचा दिवस आधीच वाचता येतो.

हा समज चुकीचा आहे. त्याहून वाईट म्हणजे तो घातक आहे, कारण तो आपलं लक्ष चुकीच्या जागी खिळवून ठेवतो. वाघाच्या मागावर राहून जमवलेल्या नोंदींतून त्याच्या सवयी कळतात, उद्याचा दिवस कळत नाही. आणि ज्या दिवशी तो कळण्याची सर्वाधिक गरज असते, नेमका त्याच दिवशी अंदाज फसतो.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो मुळीच कच्चा नाही. वाघ वाटेल तसा भटकत नाही. त्याची हद्द असते. नर आपल्या हद्दीत फिरून झाडांवर मूत्राचे फवारे मारतो, खोडं ओरबाडतो आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच झाडांशी येतो. बांबूच्या दाट रानातून चालण्यापेक्षा त्याला मातीचा रस्ता आणि नाल्याचं कोरडं पात्र सोयीचं वाटतं. सांबर किंवा रानगवा मारला की तो काही दिवस त्या शिकारीच्या आसपास राहतो. लहान बछडे असलेली वाघीण फिरून त्यांच्याकडेच येते. मे महिन्याच्या दुपारी ताडोब्यातला वाघ पाण्याच्या जवळपास असतो. मोहर्लीच्या तेलिया तलावावर उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागते ती उगाच नाही. नेपाळच्या चितवनमध्ये १९७० च्या दशकात वाघांना पहिल्यांदा रेडिओ कॉलर लागल्या, नागरहोळेत उल्हास कारंथांनी १९९० पासून तेच केलं, पुढे पन्नात रघु चुंडावतांनी केलं आणि ताडोबा व भोवतालच्या प्रदेशात भारतीय वन्यजीव संस्थेने अनेक वर्षं काम केलं. या सगळ्या कष्टातून ही समज आली आहे. तिला मी कमी लेखत नाही. वाघांचे जोडमार्ग कोणते, महामार्गाखालून भुयारी वाट कुठे हवी, गाभ्याबाहेर कोणता पट्टा राखायला हवा, हे त्याच नोंदींमुळे सांगता येतं.

पण यातलं प्रत्येक विधान तपासून पाहा. ती सगळी पुष्कळ दिवसांची आणि पुष्कळ वाघांची सरासरी सांगतात. 'मे महिन्यात वाघ पाण्याजवळ असतो' हे खरं. त्यावरून 'उद्या सकाळी सहाला ही वाघीण या नाल्यात असेल' हे निघत नाही. सवय आणि दिवस यांच्यातलं हे अंतर माहिती वाढवल्याने बुजेल, असं पूर्वपक्षाला वाटतं. माझा विरोध इथून सुरू होतो.

आधी कॉलर काय करते ते पाहू. जुन्या रेडिओ कॉलरचा सिग्नल पकडायला हातात अँटेना घेऊन टेकडीवर चढावं लागे. नवी जीपीएस कॉलर ठरवून दिलेल्या वेळी, म्हणजे तासाने किंवा काही तासांनी, आपली जागा नोंदवते आणि उपग्रहामार्फत पाठवते. नोंदी जितक्या वारंवार, बॅटरी तितकी लवकर संपते. घनदाट रानात आणि डोंगराच्या घळीत काही नोंदी लागतच नाहीत. म्हणजे पडद्यावर दिसणारा ठिपका हा होऊन गेलेला वाघ असतो. दोन नोंदींत पाच तासांचं अंतर असेल आणि वाघ ताशी तीन किलोमीटरने चालला, तर तो मधल्या वेळात पंधरा किलोमीटर जाऊ शकतो. पंधरा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ७०० चौरस किलोमीटरच्या वर भरतं. ताडोबा-अंधारीचं अख्खं गाभाक्षेत्र ६२५ चौरस किलोमीटर आहे. बहुतेक दिवशी वाघ इतका चालत नाही हे मला मान्य आहे. पण 'बहुतेक दिवशी' या दोन शब्दांवर माणसाचा जीव टांगता येत नाही.

आता प्रत्यक्ष वाघ घेऊ. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका नर वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात शिरला, परत आला, शेतांतून, महामार्ग ओलांडत, माणसांच्या दाटीतून चालत राहिला आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर तेराशे किलोमीटरहून जास्त चाल झाली होती. पुढच्या काही महिन्यांत हा आकडा तीन हजारांवर गेला. त्याच्या जागेच्या पाच हजारांहून अधिक नोंदी मिळाल्या. एकाच वाघाची इतकी तपशीलवार माहिती भारतात फार क्वचित हाती आली आहे. पण त्या नोंदींपैकी पहिल्या हजार समोर ठेवून उरलेली वाट कुणी काढू शकलं असतं का? ज्ञानगंगेत त्यावेळी दुसरा वाघच नव्हता. तिकडे त्याला ओढून नेईल असं कोणतंही उघड कारण नव्हतं. आणि पाच हजार नोंदी म्हणजे पाच हजार वाघ नव्हेत. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला चिकटलेली असते. सांख्यिकीच्या दृष्टीने तो एकाच वाघाचा एकच प्रवास. दुसरा तरुण वाघ टिपेश्वरातून निघाला तर तो बुलढाण्याला जाईल असं त्यावरून म्हणता येत नाही.

ताडोब्याच्याच झीनतचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात या तीन वर्षांच्या वाघिणीला ओडिशातल्या सिमलीपालला नेलं. जागा विचारपूर्वक निवडली होती, आधी बंदिस्त आवारात ठेवून तिला नव्या रानाची सवय होऊ दिली, गळ्यात जीपीएस कॉलर होती. २४ नोव्हेंबरला मोकळं सोडल्यावर काही दिवसांतच ती निघाली. झारखंडात गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये झाडग्राम, पुरुलिया, बांकुडा. तीन राज्यांचं वनखातं तिच्या मागे, कॉलर चालू, ठिकठिकाणी आमिषाला जनावरं बांधलेली. तिने ती नाकारली. अखेर २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून धरावं लागलं. वाघ कुठे आहे हे जवळजवळ रोज माहीत होतं, तरी तो उद्या कुठे असेल हे तीन आठवडे कुणालाच सांगता आलं नाही. याहून स्वच्छ कसोटी कोणती हवी?

कोणी म्हणेल, हे भटके वाघ आहेत, अपवाद आहेत. हद्द धरून बसलेल्या वाघाचं तसं नसतं. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ताडोब्यातलीच, आणि सर्वांच्या सर्वाधिक ओळखीची वाघीण घेऊ. माया. हजारो पर्यटकांनी तिचे फोटो काढले, तिचे रस्ते, तिचे पाणवठे गाईडांना पाठ होते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या पाहणीसाठी कोलारा भागात पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाला ती समोर सुमारे दोनशे मीटरवर बसलेली दिसली. वनरक्षकाने नियमाप्रमाणे थांबून वाट पाहिली, मग वळसा घालून दुसऱ्या वाटेने निघाली. वाघिणीने मागून येऊन हल्ला केला. वनरक्षक गेली. त्या क्षणी वाघीण कुठे आहे हे कॉलरशिवाय, डोळ्यांनी, नेमकं माहीत होतं. तिथे काम करणारी माणसं प्रशिक्षित होती. तरी पुढचा अर्धा तास सांगता आला नाही. जी गोष्ट दोनशे मीटरवरून अर्ध्या तासासाठी जमत नाही ती देहरादूनच्या किंवा नागपूरच्या पडद्यावरून चोवीस तासांसाठी जमेल, असं मानायला आधार काय?

इथे गणिती प्रारूपांचे समर्थक अचूकतेचे आकडे पुढे करतात. नव्वद टक्के अचूक, पंच्याण्णव टक्के अचूक. हे आकडे खोटे असतीलच असं नाही. ते कशाचे आहेत ते विचारलं पाहिजे. बछड्यांपाशी बसलेल्या वाघिणीबद्दल 'ती उद्या इथेच असेल' असा अंदाज कोणतंही प्रारूप न वापरता बरोबर येतो. शिकारीवर बसलेल्या नराचंही तसंच. वर्षातले बहुसंख्य दिवस असे सरळ असल्याने सरासरी छान दिसते. माणसाचा जीव जातो तो उरलेल्या दिवशी: आईने हाकललेलं पिल्लू नवी हद्द शोधत निघतं तेव्हा, नव्या नराने जुन्याला हुसकावल्यावर, अकस्मात समोरासमोर गाठ पडते तेव्हा. नोंदींत हेच दिवस विरळ असतात, म्हणून यंत्र ते शिकत नाही.

आणखी एक हिशेब उदाहरणादाखल करून पाहा. समजा एखाद्या गावाच्या शिवारात वाघ शंभर दिवसांतून दोन दिवस येतो. समजा आपल्याकडे विलक्षण चांगलं यंत्र आहे, जे खऱ्या दहा दिवसांपैकी नऊ ओळखतं आणि वाघ नसलेल्या दहा दिवसांतून एकदाच खोटा इशारा देतं. शंभर दिवसांत दोन खरे इशारे येतील आणि उरलेल्या अठ्ठ्याण्णव दिवसांत दहा खोटे. बारा भोंग्यांतले दहा फुकट. धानाची रोवणी अडली असताना कोणता शेतकरी सहाव्या खोट्या भोंग्यानंतर घरी थांबेल? आणि तेराव्या वेळी तो निर्धास्त शेतावर गेला तर दोष त्याचा म्हणायचा का?

हवामान खातं पावसाचा अंदाज देतं, मग वाघाचा का नाही, हा प्रश्न मला अनेक सुशिक्षित माणसांनी विचारला आहे. उत्तर सोपं आहे. ढगाला माणसाची भीती वाटत नाही. वाघाला वाटते, आणि तो माणूस पाहून आपली चाल बदलतो. नील कार्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये चितवनमधून दाखवलं की वाघ आणि माणसं एकाच वाटा वापरतात, पण जिथे माणसांचा वावर असतो तिथे वाघ रात्रीकडे सरकतो. २०१८ मध्ये केटलिन गेनर यांच्या गटाने जगभरातल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या अभ्यासांतून हाच कल मांडला. म्हणजे वाघाची उद्याची वाट ही अर्धी आपली वाट असते. आपण कधी, किती जण, कुठून जाणार यावर ती ठरते. आपल्या हालचालीची नोंद न घेता फक्त वाघाच्या कॉलरमधून त्याचा दिवस काढायला बसणं म्हणजे दोघांच्या संभाषणातलं एकाचंच बोलणं ऐकून निकाल देणं. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात आणि कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांत राहणाऱ्या वाघांची चाल गाभ्यातल्या नोंदींवर शिकलेल्या प्रारूपाला कशी उमगणार? २०२२ च्या फेब्रुवारीत त्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कंत्राटी कामगाराला मारलं. तिथला रात्रपाळीचा भोंगा त्या वाघाच्या दिवसाचा भाग झाला आहे.

शिवाय कॉलर आहेत तरी किती? २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले, त्यांतले ९७ ताडोबा-अंधारीत. ब्रह्मपुरी, मध्य चांदा, वडसा या प्रादेशिक वनविभागांतले वाघ वेगळे. कॉलर आहे ती मूठभरांना. प्रत्येक कॉलरसाठी वाघाला बेशुद्ध करावं लागतं, त्यात जोखीम असते, आणि हे शेकडो वाघांवर करावं असं कोणताही जाणकार सुचवणार नाही. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा भागांत तेरा माणसं मारल्याचं ज्याच्याबद्दल सांगितलं गेलं त्या सीटी-१ वाघाला १३ ऑक्टोबर २०२२ रोजी पकडलं, ते पगमार्क, कॅमेरे आणि महिनोन्‌महिने पायी फिरलेल्या माणसांमुळे.

कॉलर वाघाला तरी वाचवते का? ब्रह्मपुरीतून पकडून २०१७ च्या जुलैत बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण कॉलर घालूनच सुमारे पाचशे किलोमीटर फिरली. तिचा ठावठिकाणा कळत होता, पथकं मागावर होती. ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या कुंपणात बेकायदा सोडलेल्या विजेने ती मेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागभीडजवळ 'जय' या प्रसिद्ध वाघाचा बछडा श्रीनिवास असाच विजेच्या तारेने गेला. त्याची कॉलर मागे सापडली. ठिपके सगळे होते. ज्या गोष्टीने त्यांचा जीव घेतला ती माणसाने लावलेली तार होती, आणि कुंपणात वीज कोणत्या हंगामात, कोणत्या पिकासाठी सोडली जाते हे त्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे.

इथे माझ्या मंडनाचा मुद्दा येतो. वाघ आणि माणूस यांच्या गाठीत दोन जीव आहेत. त्यातल्या एकाची हालचाल आधी सांगता येत नाही. दुसऱ्याची फार चांगली सांगता येते. चाओमिंग साँग आणि अल्बर्ट-लास्लो बाराबाशी यांच्या गटाने २०१० मध्ये सुमारे पन्नास हजार मोबाइलधारकांच्या नोंदी तपासून असा निष्कर्ष काढला की माणसाच्या ये-जा करण्यात ९३ टक्क्यांपर्यंत अंदाजाला वाव आहे. त्यासाठी पूर्व विदर्भात मोबाइलच्या नोंदींचीही गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्री गळतात आणि पहाटे वेचावी लागतात. मे महिन्यात तेंदूपत्ता; उजाडताना निघायचं, वाकून वाकून पानं तोडायची, पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पोहोचवायचे. पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, रानभाज्या, धानाची रोवणी. वर्षभर सरपण आणि गुरं. अगदी पर्यटकाचंही वेळापत्रक छापील आहे: सकाळची फेरी, दुपारची फेरी, मंगळवारी गाभा बंद. या जंगलात पक्कं वेळापत्रक असलेला प्राणी माणूस आहे.

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ती वाघीण त्या दिवशी तिथे असेल हे कोणत्याही यंत्राने सांगितलं नसतं. मे महिन्याच्या त्या आठवड्यात शेकडो बायका भल्या सकाळी त्या जंगलात वाकून पानं तोडत असतील, हे मात्र एक वर्ष आधी सांगता आलं असतं. वाकलेली, एकटी-दुकटी विखुरलेली, झुडपाआड गेलेली माणसं हा धोका आहे, आणि तो हंगामासह, तासासह, वनकक्षाच्या क्रमांकासह माहीत आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी मनापासून महत्त्वाचा मानतो: म्हणजे दोष पुन्हा गरिबाच्याच माथी? तिने जंगलात जायचं नाही, असं म्हणायचं? नाही. तेंदूच्या त्या थोड्या दिवसांची मजुरी ही त्या घराची वर्षातली मोठी रोख रक्कम असते. माणसाचं वेळापत्रक माहीत आहे याचा अर्थ ते बदलण्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न सरकारसमोर येतो. वाघाच्या अंदाजाची स्वप्नं पाहत बसलं की हा प्रश्न सोयीस्करपणे मागे पडतो. आणि तो सोडवता येतो, याचे दाखले इथेच आहेत. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजार हेक्टरांच्या आसपास सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूतून उत्पन्न उभं केलं आणि तेंदूपत्ता तोडणं स्वतःहून थांबवलं, कारण त्यापायी झाडं छाटली जात, आगी लागत. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या घरांत गॅस आला, तेव्हा सरपणाच्या फेऱ्या कमी करण्याचा मार्ग खुला झाला. यातल्या कशालाही वाघाचं भविष्य माहीत असण्याची गरज पडली नाही.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठमध्ये २०२३ साली गावाच्या कडेला कॅमेऱ्यांची आभासी भिंत उभी राहिली. वाघ किंवा बिबट्या समोर आला की यंत्र त्याला ओळखतं आणि इशारा देतं. वर्तमानपत्रांनी तिला भविष्य सांगणारं यंत्र असल्यासारखं रंगवलं. ती भविष्य सांगत नाही. समोर आलेला वाघ आत्ता समोर आहे, एवढंच सांगते. म्हणूनच ती उपयोगी आहे. ताडोब्यातला मुरलेला गाईडही हेच करतो. सकाळच्या मातीवरचा ताजा पगमार्क, चितळाचा कॉल, सांबराचा कॉल, वानरांची खेकस, आणि मग गाडी वळते. त्याची माहिती काही मिनिटांपूर्वीची असते. कालच्या नोंदींवरून 'आज नक्की' म्हणणारा गाईड फसतो, आणि हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

समजा, असा रोजचा अंदाज खरोखर बनवलाच आणि गावोगाव पाठवला, तर तो आणखी कोणाच्या हाती जाईल? २०१३ मध्ये पन्नातल्या एका कॉलर लावलेल्या वाघाच्या नोंदी ज्या ई-मेल खात्यात येत, त्यात पुण्याहून शिरण्याचा प्रयत्न झाला होता. प्रणालीने तो अडवला. वाघ कुठे आहे याची माहिती शिकाऱ्यालाही हवी असते, आणि ती शंभर गावांच्या मोबाइलवर गेली की गुप्त राहत नाही.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वाचकांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत वाघाच्या उद्याच्या जागेबद्दल विचारू नका. त्याचं खरं उत्तर कुणाकडे नाही. तीन प्रश्न विचारा. तेंदू आणि मोहाच्या हंगामात कोणती टोळी, किती जणांची, किती वाजता, कोणत्या कक्षात जाणार याची यादी बीटच्या वनरक्षकाकडे आहे का? रोज पहाटे ती यादी रात्रीच्या कॅमेऱ्यांशी आणि ताज्या पगमार्कशी ताडून पाहिली जाते का? आणि एखादा कक्ष त्या दिवशी बंद ठेवावा लागला, तर तिथे जाणाऱ्या बायकांची त्या दिवसाची मजुरी कोण देणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि तेंदूचा हंगाम सुरू होण्याआधी त्यांचा पाठपुरावा करा.